आजोबांच्या घड्याळात 17 माणकं नाहीत, आणि ते रेडियम खरवडू नका

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "घरात आजोबांचं चावीचं घड्याळ आहे? विकू नका, लाखांचा माल आहे!" अशी सुरुवात, मग घड्याळ ओळखायच्या खुणा, मग साफ करायची रीत आणि शेवटी एक मोबाईल नंबर. इतके दिवस सोडून देत होतो, पण काल आत्याने फॅमिली ग्रुपवर तिच्या सासऱ्यांच्या घड्याळाचा फोटो टाकला आणि विचारलं, काट्यांवरचं रेडियम सुईने काढू का ब्लेडने. आता मात्र हद्द झाली.

तर आधी तेच. मेसेज म्हणतो "रेडियम चमकत नसेल तर ते मेलेलं असतं, काच काढून खरवडा, नवीन भरा, किंमत दुप्पट." अहो, चमकत नाही म्हणजे त्यातला झिंक सल्फाइड नावाचा पदार्थ थकलाय, उजेड तो देतो. रेडियम तसंच बसलेलं असतं, त्याला निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात, आत्याच्या सासऱ्यांना जाऊन तर वीसही झाली नसतील. साधारण 1960 च्या आधीच्या चमकणाऱ्या डायलवर खरंखुरं रेडियम असण्याची शक्यता भरपूर, आणि घड्याळ उघडलेलं नाही, काच जागेवर आहे तोवर घाबरायचं फार कारण नाही, पण खरवडलं की त्याची पूड होते, ती बोटांना लागते, नाकात जाते, आणि एकदा पोटात गेलं की रेडियम कॅल्शियमसारखं हाडात जाऊन बसतं. अमेरिकेत न्यू जर्सीला डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या, त्यांचे जबडे सडले, कितीतरी जणी गेल्या, आणि 1928 मध्ये कंपनीला कोर्टाबाहेर तडजोड करावी लागली. हे कुठल्या फॉरवर्डमधलं नाही. इपीए म्हणून अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था आहे, तिच्या साइटवर जुन्या वस्तूंमधल्या किरणोत्सर्गावर वेगळं पान आहे आणि त्यात सरळ सांगितलंय की रेडियमची घड्याळं घरी उघडत बसू नका. मेसेजवाल्याचं ऐकायचं का यांचं, तुम्हीच बघा. (6 च्या खाली "स्विस" च्या दोन्ही बाजूंना बारीक "टी" छापलेला असेल तर ते ट्रिटियम नावाचं दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य, ते बारा-साडेबारा वर्षांत निम्मं होतं, तो प्रकार वेगळा. तरी सुई नकोच.)

दुसरं, "17 ज्वेल्स म्हणजे 17 अस्सल माणकं." हे वाचून मला खरंच हसू आवरेना. एचएमटी जनता 17 ज्वेल्सचं आहे. म्हणजे बंगळूरच्या सरकारी कारखान्याने देशभरातल्या कारकुनांना आणि मास्तरांना सतरा-सतरा माणकं वाटली? व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने 1902 मध्ये भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली, त्यानंतर हळूहळू घड्याळातले खडे कृत्रिमच झाले. चाकांच्या बारीक टोकांना धातू घासू नये म्हणून ती बेअरिंगं असतात, डोळ्यात गेलं तर सापडणार नाही एवढी. सोनाराकडे नेलीत तर तो चहा पाजून परत पाठवेल. साध्या जनताला लाख बिख काही मिळत नाहीत.

"डायलवर स्विस मेड असेल तर डोळे मिटून अस्सल." उलट आहे! घड्याळात सगळ्यात जास्त खोटं बोलते ती डायल. जुन्या फावर लुबा, सॅन्डोज वगैरे स्विस कंपन्यांच्या डायली आपल्याच मुंबईत नव्याने रंगवल्या जातात, मशीन एकाची, केस (बाहेरची डबी) दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, आणि वर भडक निळा नाहीतर नारिंगी रंग. परदेशातले संग्राहक या मालाला "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि ते काही कौतुक नाही. अक्षरं फुगलेली दिसली, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाच्या मधोमध काटा नसला की समजायचं रंगकाम झालंय. ओळख पटवायची तर घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या (किचनमधल्या सुरीने नाही, तो सल्लाही मेसेजमध्ये आहे), मशीनचा फोटो काढा, बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या) खाली किंवा शेजारी बारीक शिक्का आणि आकडा असतो, मशीन कुणाची हे तिथे कळतं. बऱ्याच स्विस नावांच्या पोटात ए. शिल्ड नाहीतर ईटीए या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची तीच ती मशीन निघते.

"मागचा नंबर गूगलवर टाका, वर्ष कळेल." हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. सेकोचं असेल तर मागच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा. पण 5 म्हणजे 1975 का 1985 हे मॉडेलवरूनच ठरवावं लागतं. लाँजिनचं असेल तर मशीनवरचा नंबर कंपनीला कळवा, त्यांच्याकडे जुन्या नोंदी आहेत. बाकी बहुतेकांच्या पाठीवरचा आकडा नुसता केसचा असतो, तो गूगलवर टाकून काय डोंबल कळणार.

सोन्याचं म्हणाल तर केसवर लिहिलेलं "20 मायक्रॉन" म्हणजे सोन्याचा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थर. अख्खी केस सोन्याची असेल तर 18 कॅरेट वगैरे शिक्का आत असतो. मेसेजमधला खोबरेल तेलाचा थेंब टाकायचा सल्ला मी वाचलाच नाही असं समजतो.

एक गोष्ट मात्र बरोबर लिहिलीय त्या शहाण्याने, डायल पुन्हा रंगवून घेऊ नका. डागाळलेली मूळ डायल नव्या रंगापेक्षा केव्हाही बरी.

आणि तो शेवटचा नंबर, "फोटो पाठवा, रजिस्ट्रेशन भरा, गिऱ्हाईक आमचं." जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने हाच धंदा चालला होता, 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की आमच्या नावाने कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका. घेणारा पैसे देतो, मागत नाही. आत्याने अजून भरलेले नाहीत, विचारून घेतलं.