‘कॉइल म्हणजे आराम, पाटे म्हणजे पाठदुखी’: हेवी ड्युटी पिकअपबद्दलचा एक अर्धवट सल्ला

अमेरिकेत किंवा कॅनडात हेवी ड्युटी पिकअप (जड सामान वाहायला आणि ट्रेलर ओढायला बनवलेला, मागे उघडा हौदा असलेला ट्रक) घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. व्हिडिओ, पोस्ट, ओळखीपाळखीचे लोक, सगळीकडून तोच. आराम हवा असेल तर मागे कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याची स्प्रिंग) असलेली गाडी घ्या, पाटेवाली (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली) घेतलीत तर पाठ जाईल. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणारं) असेल तर उत्तम. परवडलं तर एअर सस्पेन्शनच घ्या, त्याहून मऊ काही नाही. आणि पाटेवाली गाडी आधीच दारात उभी असेल, तर एअरबॅग (पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाका नाहीतर महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवा, प्रश्न मिटला.

यातलं कुठलंच वाक्य निखालस खोटं नाही, म्हणून तर हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. पण त्याच्या भरवशावर लोक भलत्याच ठिकाणी पैसे घालतात. काहीजण तर आपला ट्रेलर पेलणार नाही अशी गाडी केवळ ‘कॉइल आहे’ म्हणून घेऊन बसतात. माझं म्हणणं असं की आराम ठरतो तो स्प्रिंग किती भारासाठी बनवली आहे आणि तुम्ही रोज प्रत्यक्षात किती भार घालता, यांतल्या अंतरावर. स्प्रिंग कॉइलची की पाट्यांची, हा प्रश्न त्यानंतरचा.

‘पाटे असले की गाडी आदळतेच’

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर बघू.

स्प्रिंगवर बसलेली गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते, हे स्प्रिंगचा ताठपणा आणि तिच्यावरचं वस्तुमान यांच्या भागाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. आरामशीर कारमध्ये हा आकडा साधारण १ ते १.५ हर्ट्झ असतो. आता हेवी ड्युटी पिकअपचं मागचं टोक घ्या. गाडी रिकामी असताना मागच्या स्प्रिंगांवर समजा २,००० पौंड आहेत आणि पूर्ण भरल्यावर ४,५०० पौंड. म्हणजे भार सव्वादोन पट झाला. ताठपणा तोच धरला तर वारंवारता दीड पटीने उतरते. भरलेली असताना १.४ हर्ट्झवर डुलणारी गाडी रिकामी झाली की २.१ हर्ट्झवर उड्या मारते. हे गणित लोखंडाच्या आकाराशी निगडित नाही. तेवढ्याच ताठपणाची कॉइल बसवलीत तरी उत्तर तेच येतं.

उलट, पाट्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. हेवी ड्युटी गाड्यांत बऱ्याचदा पाट्यांची दोन टप्प्यांची जोडणी असते. मुख्य पाटे रोजच्या भाराला, आणि जास्तीचा ओव्हरलोड पाटा गाडी बरीच खाली बसल्यावरच टेकतो. रिकाम्या गाडीत तो नुसता अंतर राखून असतो. म्हणजे ‘ओव्हरलोड पाटा काढून टाका, गाडी मऊ होईल’ हा सल्लाही रिकाम्या गाडीच्या बाबतीत फोल ठरतो. जो पाटा टेकतच नाही, तो काढून काय मऊ होणार?

पाट्यांचा खरा दोष वेगळा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पाटे एकमेकांवर घासतात. मोठ्या खड्ड्यात ते घर्षण जाणवत नाही, पण रस्त्याच्या बारीक खडबडीत ते पाट्यांना हलूच देत नाही. तेवढ्यापुरतं सस्पेन्शन जणू जाम होतं आणि ठोका थेट टायरवर जातो, तिथून फ्रेमवर आणि फ्रेमवरून सीटवर. ‘पाटेवाली गाडी आदळते’ अशी तक्रार करणाऱ्यांना बहुतेक वेळा हीच बारीक थरथर जाणवत असते. पाट्यांच्या टोकांशी असलेल्या, घर्षण कमी करणाऱ्या चकत्या झिजल्या असतील किंवा पाट्यांमध्ये गंज आणि माती भरली असेल, तर ती आणखी वाढते. त्यामुळे नऊ-दहा वर्षं जुन्या पाटेवाल्या गाडीची चाचणी घेऊन नव्या पाट्यांबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

‘रॅम २५०० बघा, कॉइलमुळे किती मऊ आहे’

मऊ आहे, हे खरंच. रॅम या अमेरिकी ट्रक कंपनीने २०१४ च्या मॉडेलपासून २५०० च्या मागच्या ॲक्सलला (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाला) पाच लिंकवर (जोडदांड्यांवर) टांगलेल्या कॉइल स्प्रिंग दिल्या, आणि रिकाम्या गाडीत त्याचा फरक कळतो. कॉइलमध्ये ते घासणं नाही, हे तिचं खरं बलस्थान.

पण त्याच कंपनीने त्याहून मोठ्या ३५०० ला मात्र पाटेच ठेवले. २५०० हा १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या (गाडी आणि भार मिळून कंपनीने ठरवलेल्या कमाल वजनाच्या) आसपासचा वर्ग. मोठं डिझेल इंजिन आणि क्रू कॅब (चार दारांची मोठी केबिन) घेतलीत की त्यात सामान आणि माणसांसाठी बऱ्याचदा दोन-अडीच हजार पौंडच उरतात. ३५०० कडून त्याहून खूप जास्त भाराची अपेक्षा असते. म्हणजे २५०० च्या मऊपणाचं काही श्रेय कॉइलला आणि काही श्रेय कमी भारासाठी केलेल्या बांधणीला आहे. सल्ला देणारे हा दुसरा भाग सांगतच नाहीत.

आणि तो न सांगितल्याने काय होतं? फिफ्थ व्हील ट्रेलरच्या (ट्रकच्या हौद्यात पिनने जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या) वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग पिनवाटे ट्रकवर येतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर म्हणजे २,४०० ते ३,००० पौंड. त्यात कुटुंब, हिच (ट्रेलर जोडायचा सांगाडा), अवजारं मिळवा, की मऊ गाडीची मर्यादा संपली. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेला स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर छापलेलं असतं. टेस्ट ड्राइव्हच्या आधी तो वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘एअर सस्पेन्शन सगळ्यात मऊ’

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

रॅम २५०० मध्ये पर्याय म्हणून मिळणाऱ्या मागच्या एअर सस्पेन्शनमध्ये कॉइलच्या जागी हवेच्या स्प्रिंग येतात. हवेच्या स्प्रिंगचा ताठपणा आतल्या दाबाबरोबर वाढतो. भार आला की दाब वाढतो, भार उतरला की कमी होतो, त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वारंवारता बरीचशी सारखी राहते. वर सांगितलेल्या गणितावरचा हा सरळ इलाज. आज रिकामी, उद्या भरलेली अशी गाडी वापरणाऱ्याला मी हाच पर्याय सुचवेन.

रॅम ३५०० मध्ये मात्र पाटे राहतात आणि त्यांच्या मदतीला एअरबॅग येतात. जास्तीचा भार बॅग घेणार असल्याने पाटे थोडे मऊ ठेवता येतात. फायदा आहे, पण पाट्यांचं घर्षण आहे तिथेच राहतं.

तिसरी गोष्ट म्हणजे बाजारातून आणून पाट्यांच्या वर बसवलेल्या बॅगा. इथे फसगत सर्वाधिक. आहे त्या ताठपणात या बॅगा भरच घालतात. भार असताना मागची बाजू दबत नाही, हेडलाइट आकाशाकडे जात नाहीत, हे उपयोग खरे. पण ट्रेलर सोडल्यावर बॅगेतली हवा तशीच ठेवली तर रिकामी गाडी आधीपेक्षा कडक चालते. उत्पादक साधारण ५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतका किमान दाब सांगतात, रिकाम्यात तेवढ्यावरच आणायचं. दोन्ही बॅगा एकाच नळीला जोडल्या असतील तर वळणावर हवा दाबल्या गेलेल्या बाजूकडून मोकळ्या बाजूकडे जाते आणि गाडी जास्त कलंडते, म्हणून नळ्या वेगळ्या ठेवाव्यात. आणि बॅगांनी जीव्हीडब्ल्यूआर एका पौंडानेही वाढत नाही. ॲक्सल, टायर, ब्रेक तेच असतात.

‘चांगले शॉक टाका, फरक बघा’

शॉक ॲब्सॉर्बर गाडीचं वजन पेलत नाही. हेलकावा लवकर विझवणं हे त्याचं काम. झिजलेले शॉक बदलले तर फरक पडणारच, तो मात्र नव्या-जुन्याचा फरक असतो. चांगल्या अवस्थेतले शॉक काढून ‘मोनोट्यूब’ (एकाच नळीचे) एवढंच वाचून दुसरे टाकले, तर बारीक खडबडीत गाडी अधिक कडकही लागू शकते, कारण अशा बऱ्याच शॉकमध्ये दांडा हळू सरकत असतानाही रोध जास्त ठेवलेला असतो. ताबा सुधारतो, आराम सुधारेलच असं नाही. २०१९ च्या रॅम हेवी ड्युटीत आलेले, जलद थरथरीला रोध कमी करणारे शॉक ही या बाबतीत खरी सुधारणा वाटते.

फोर्डचं एफएक्स४ किंवा शेवरलेचं झेड७१ पॅकेज आरामासाठी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्यातले शॉक कच्च्या रस्त्यांसाठी बेतलेले आहेत. आणि नांगर न लावता केवळ ‘हेवी’ वाटतं म्हणून फोर्डचं बर्फाच्या नांगराचं पॅकेज घेऊ नये. पुढच्या जास्त ताठ स्प्रिंग रोज सोसाव्या लागतात.

‘पुढे इंडिपेंडंट असलं की काम झालं’

जीएमच्या (शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) हेवी ड्युटी गाड्यांत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात. फोर्ड आणि रॅमच्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांत सलग ॲक्सल असतो. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही आणि स्टिअरिंगवर थरथर कमी, हा जीएमचा फायदा निर्विवाद. पण मागे पाटेच आहेत, आणि रिकाम्या गाडीची खरी तक्रार मागच्या टोकाचीच असते.

शिवाय हा फायदा लोक स्वतःच्या हाताने घालवतात. गाडीचं नाक उंच दिसावं म्हणून टॉर्शन बारचा बोल्ट पिळतात. बार त्याने ताठ होत नाही, पण चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. मग चाक खड्ड्यात उतरलं की चाक धरणारी वरची आर्म तिच्या रबरी ठोकळ्यावर आपटते आणि ‘ठक्’ आवाज येतो. त्याचं खापर पुन्हा सस्पेन्शनवर फुटतं.

सल्ल्यात ज्याचं नावच नाही: टायर

हेवी ड्युटी गाडीच्या लोड रेंज ई (जड भारासाठीच्या वर्गाच्या) टायरवर ८० पीएसआयपर्यंत दाब चालतो. एलटी२७५/७०आर१८ मापाचा असा टायर ८० पीएसआयवर सुमारे ३,६४० पौंड पेलतो. डिझेल क्रू कॅबच्या मागच्या ॲक्सलवर रिकाम्यात साधारण ३,००० पौंड असतात, म्हणजे टायरमागे जेमतेम १,५००. निम्म्याहून कमी भारासाठी पूर्ण दाब भरून फिरायचं आणि दोष पाट्यांना द्यायचा, हे बरोबर नाही. रिकाम्या गाडीत दाब किती उतरवता येईल हे दारावरचा फलक, गाडीचं मॅन्युअल आणि टायर उत्पादकाचा भार-दाब तक्ता पाहून ठरवावं, अंदाजाने नव्हे. काही रॅम २५०० गाड्यांत हलक्या भारासाठी दाबाची वेगळी शिफारस आणि तसं सेटिंगही दिलेलं असतं. ट्रेलर जोडण्याआधी दाब परत वर न्यायचाच.

काँक्रीटच्या फ्रीवेवरची उसळी तर कुठल्याच एका पर्यायाने जात नाही. स्लॅबचे सांधे १५ फुटांवर असतील आणि वेग ताशी ६५ मैल असेल, तर सेकंदाला सहाहून थोडे जास्त ठोके बसतात. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत संवेदनशील असतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि लांब फ्रेमचं स्वतःचं वाकणंही त्याच परिसरात येतं. अशा रस्त्यावर कॉइलवाली गाडीही नाचते. वेग पाच-दहा मैलांनी कमी केला तर पुष्कळदा लगेच उतार पडतो.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला जाताना प्रेशर गेज बरोबर न्या. डीलरकडच्या गाड्यांत दाब बऱ्याचदा जास्त असतो, तो आधी फलकाप्रमाणे करून घ्या. मग काँक्रीटच्या रस्त्यावर न्या, आणि शक्य असेल तर मागे थोडं वजन टाकून तोच रस्ता पुन्हा चालवा. कॉइल आणि पाट्यांची तुलना त्यानंतर करा.