कोरडेपणा कमी होतो, संपत नाही

‘स्माइल तंत्रात फ्लॅप नसल्यामुळे डोळे कोरडे पडण्याचा प्रश्नच मिटला’ हे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर ऑपरेशनांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. लॅसिक या आधीच्या पद्धतीत फ्लॅपसाठी, म्हणजे कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) पातळ पापुद्रा उचलण्यासाठी, साधारण २० मिलिमीटरचा गोलाकार छेद जातो, स्माइलमध्ये २ ते ४ मिलिमीटरचा. त्यामुळे कॉर्नियातल्या नसा कमी तुटतात, हे खरंच. पण नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाच्या आतली पातळ चकती लेसरने कापून बाहेर काढताना काही नसा तुटतातच, आणि डोळ्यात पाणी कधी आणायचं हा निरोप त्याच नसा देतात.

माझं स्माइल दोन वर्षांपूर्वी झालं. दुसऱ्याच दिवशी नजर लख्ख! पण पुढचे चार महिने पहाटे जाग आली की पापणी आतून चिकटलेली असायची. डोळा उघडायच्या आधी हात उशीजवळची थेंबांची बाटली चाचपायचा. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप मुळीच नाही. राग एवढाच, की खालच्या पापणीत कागदी पट्टी अडकवून पाच मिनिटांत होणारी अश्रूंची तपासणी माझी आधी कुणी केलीच नाही. तासन्‌तास स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी, आधीपासून डोळे चुरचुरणाऱ्यांनी ती ऑपरेशनआधी स्वतःहून सांगून करून घ्या.