शल्याचे सारथ्य, कचेरीतली फाइल आणि नवरात्रातली चनियाचोळी

देशाच्या राजकीय इतिहासात बडोद्याचे नाव ज्या थोड्या प्रकरणांशी कायमचे जोडले गेले, त्यांत बडोदा डायनामाइट खटला आहे. आणीबाणीत भूमिगत झालेले जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांचे सहकारी यांनी इथून डायनामाइट मिळवून रेल्वेमार्ग आणि पूल उडवण्याचा कट केला, असा सरकारचा आरोप होता. फर्नांडिस जून १९७६ मध्ये कलकत्त्यात पकडले गेले, सप्टेंबरमध्ये २५ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले, १९७७ च्या निवडणुकीत ते तुरुंगात असतानाच मुजफ्फरपूरमधून निवडून आले आणि जनता सरकारने खटला मागे घेतला. हातकडी घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र पाहिले नाही असा माझ्या पिढीचा वाचक विरळा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या मंडळींच्या गप्पांत हा विषय अजूनही निघतो, आणि घातपात म्हणजे रूळ, पूल, स्फोटके हे समीकरण त्या गप्पांत कोणी तपासून पाहत नाही.

मला हे समीकरण दिशाभूल करणारे वाटते. याच प्रकरणात स्फोटकांपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे आणीबाणीच्या आधीचे वर्ष. मे १९७४ मध्ये याच फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांनी संप केला होता, उघडपणे, नोटीस देऊन, मागण्या छापून. तो सरकारने चिरडला. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे आणीबाणीत सभा आणि वर्तमानपत्र हे दोन्ही मार्ग बंद झाले आणि त्यानंतर डायनामाइट आले. त्याचे मी समर्थन करीत नाही. रुळाखाली ठेवलेल्या स्फोटकाला गाडीत कोण बसले आहे हे कळत नसते. परंतु उघडपणे नकार देण्याची सोय जिथे काढून घेतली जाते, तिथे तो नकार नाहीसा न होता आडवाटेने येतो, एवढे या क्रमावरून दिसते. माझ्या मते घातपाताकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की ज्याने तो केला त्याला सरळ ‘नाही’ म्हणता येत होते का.

कथा-कादंबऱ्यांना हा प्रश्न फारसा सोसत नाही. रहस्यकथेला गुन्हेगार लागतो, त्याचा हेतू लागतो आणि शेवटच्या प्रकरणात कबुली लागते. गुप्तहेर येतो, तार कापतो, यंत्र बंद पडते. वाचायला हे छान असते, यात शंका नाही. पण घातपाताचे सर्वांत बारकाईने केलेले चित्रण मला महाभारतात सापडते, आणि त्यात एकही तार कापलेली नाही.

मद्रराज शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. तो पांडवांकडे निघाला असताना दुर्योधनाने वाटेत त्याची एवढी बडदास्त ठेवली की यजमान कोण हे न कळताच शल्य वर देऊन बसला आणि कौरवांच्या बाजूला बांधला गेला. युधिष्ठिराने त्याला मागे फिरवले नाही. त्याने एवढेच मागितले, की कर्णाचे सारथ्य करावे लागेल तेव्हा त्याचा तेजोवध करावा. आणि हे अनुचित आहे हे मान्य करूनच मागितले. पुढे कर्णपर्वात सारथी होताना शल्य मनाला येईल ते बोलण्याची मुभा अट म्हणून मिळवतो. मग तो घोडे उत्तम हाकतो आणि सोबत कर्णाला उष्ट्यावर माजलेल्या कावळ्याची आणि हंसाची गोष्ट ऐकवतो. त्याच्या कामात कोणाला बोट ठेवायला जागा नाही. रथ वेळेवर जातो, योग्य ठिकाणी जातो. फक्त रथातल्या माणसाचा आत्मविश्वास कणाकणाने झिजत जातो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग पुढचा आहे. कर्ण अर्जुनावर नागबाण रोखतो तेव्हा शल्य त्याला सांगतो, की या बाणाने मानेचा वेध होणार नाही, दुसरा बाण पाहा. हा सल्ला खरा असतो. कर्ण तो धुडकावतो, एकदा लावलेला बाण मी बदलत नाही म्हणतो, आणि बाण अर्जुनाच्या किरीटावर जातो. कर्णाचा अभिमान हे कारण महाभारतातच दिलेले आहे. पण दिवसभर टोमणे मारणाऱ्या तोंडातून आलेली खरी सूचनाही टोमण्यासारखीच ऐकू येते, असे मी त्यात वाचतो. आतून पोखरणाऱ्या माणसामुळे संस्थेचे खरे नुकसान इथे होते. त्याने केलेल्या हानीइतकीच, त्याच्यामुळे न ऐकल्या गेलेल्या योग्य सल्ल्याची किंमत मोठी असते.

आता कचेरीकडे येतो. अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तचर संघटनेने, ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेसने, जानेवारी १९४४ मध्ये शत्रूव्याप्त प्रदेशांतल्या सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक छोटी पुस्तिका तयार केली होती. तिच्यात वंगणात रेती मिसळण्यासारखे उपाय आहेतच. पण आज ती वाचताना माणूस थबकतो तो कचेऱ्यांविषयीच्या सूचनांपाशी. प्रत्येक गोष्ट रीतसर मार्गानेच व्हावी असा आग्रह धरा. शक्य तिथे विषय समितीकडे सोपवा, आणि समिती पाचापेक्षा लहान असू देऊ नका. मागच्या बैठकीत ठरलेले पुन्हा उकरून काढा. पत्रव्यवहारातल्या आणि ठरावांतल्या शब्दांवरून वाद घाला. कामचुकारांना खूश ठेवा, त्यांना बढती द्या. महत्त्वाचे काम खोळंबले असेल तेव्हाच बैठक बोलवा. (आमच्या काही संस्थांच्या कार्यकारिणीने ही पुस्तिका स्वतंत्रपणे, कोणाच्याही मदतीशिवाय लिहिली असती.)

मी इथल्याच मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात अनेक वर्षे काम केले. तिथे खरेदी विभागात एक अत्यंत काटेकोर अधिकारी होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून बाहेरचा माणूस आणला गेला, आणि त्यानंतर त्यांचा काटेकोरपणा वाढला. पूर्वी यंत्राचे बेअरिंग गेले की ते पुरवठादाराला फोन करून मागवून घेत आणि कागद मागाहून पुरा करीत. आता तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, रजेवर गेलेल्या साहेबांची सही, हे सगळे झाल्याशिवाय ऑर्डर निघत नसे. यंत्र उभे, पाळीतले कामगार बसून, माल पाठवायची तारीख उलटलेली. आणि लेखापरीक्षणात मात्र त्यांच्या फाइलींवर एकही शेरा नाही. त्यांनी हे सूडाने केले की केवळ मन उडाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही आणि मला वाटते त्यांनाही सांगता आले नसते. कादंबरीकाराला इथे हेतू ठरवावा लागेल. प्रत्यक्षात मात्र नियम आणि घातपात एकाच फाइलीत, एकाच फितीने बांधलेले असतात.

रेल्वेत आणि बँकांत ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचे हत्यार म्हणून जाहीरपणे वापरले गेले आहे, ते यामुळेच. सगळेच्या सगळे नियम तंतोतंत पाळले की व्यवहार मंदावतो, याचा अर्थ एरवी तो कर्मचाऱ्यांच्या समजूतदारपणावर चालतो, आणि त्या समजूतदारपणाचा उल्लेख कोणत्याही पगारपत्रकात नसतो. तो आखडता घेणाऱ्याला कामचुकार म्हणण्याआधी, त्याची तक्रार ऐकण्याची काही जागा होती का, हे पाहणे मी व्यवस्थापनाचे काम समजतो. शल्याला मात्र ही सवलत देता येत नाही. तो राजा होता, त्याच्याजवळ सैन्य होते, आणि दुर्योधनाला स्पष्ट नकार देऊन शब्द मोडल्याचा दोष पत्करणे त्याला शक्य होते.

मालकपक्षही असा आतून घातपात करतो, आणि त्याच्याजवळ तर मार्गांची वाण कधीच नसते. १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आदी कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरवले. ज्याचा दिवा जास्त टिके त्याला दंड होई. कमी टिकणारा दिवा त्याच विजेत अधिक उजेड देतो, हा त्यांचा तांत्रिक युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण दंडाची तरतूद उजेडासाठी नसते. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

यावर ग्राहक म्हणतात की मग आम्ही तरी का सोडावे? इथे माझी सहानुभूती संपते. नवरात्र आले की आमच्या शहरात ऑनलाइन चनियाचोळी मागवायची, रात्रभर गरबा खेळायचा आणि ‘माप जमले नाही’ असे सांगून ती परत पाठवायची, ही हुशारी समजली जाते. सेव-उसळीच्या दुकानाला, तिथे पाऊलही न ठेवता, ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा देणारेही असतात. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले, तेही असल्या प्रकारांमुळेच. कंपनीने फसवले असेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, दुकान बदलण्याची मोकळीक आहे, पैसे देण्याआधी नाही म्हणण्याचा हक्क तर आहेच. ज्याच्यापाशी इतके मार्ग आहेत त्याच्या लबाडीला प्रतिकार म्हणता येत नाही.

शिवाय त्या परत गेलेल्या चनियाचोळीचा भुर्दंड बहुधा बड्या संकेतस्थळाला बसत नाही. तो त्यावर माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला बसतो. घामाचा डाग पडलेला कपडा त्याला परत घ्यावा लागतो, कारण संकेतस्थळाच्या अटी तशा असतात आणि त्या नाकारल्या तर त्याचा धंदा बसतो. तक्रार करायची तर ती त्याच संकेतस्थळाकडे. मग पुढच्या हंगामात तो अस्तराचे कापड थोडे हलके लावतो, आरसे शिवण्याऐवजी डिंकाने चिकटवतो आणि किंमत तीच ठेवतो.