बुलविंकल म्हणे सरकारी भोंगा!

‘रॉकी अँड बुलविंकल’ हे कार्टून म्हणजे शीतयुद्धातला अमेरिकी सरकारी प्रचार, पोरांच्या डोक्यात रशियाद्वेष भरायला काढलेला, असा दावा हल्ली बराच फिरतो. उडती खार रॉकी, मठ्ठ मूस (मोठ्या जातीचं हरीण) बुलविंकल आणि त्यांच्या जिवावर उठलेले बोरिस-नताशा हे हेर, एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष.

हेर रशियन ढंगात बोलतात, हे कबूल. पण त्यांचा देश पॉट्सिल्व्हेनिया पूर्ण काल्पनिक. आणि त्यांचा साहेब ‘फिअरलेस लीडर’ बघा: एका डोळ्यावर काच, गालावर वण, बोलणं जर्मन वळणाचं. हा मॉस्कोचा कॉम्रेड कुठून झाला?

बरं, अमेरिका तरी गोमटी दाखवलीय का? रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक सुटल्यावर दोनच वर्षांनी, 1959 साली मालिका सुरू झाली. पहिल्याच कथेत अख्खा देश ज्या रॉकेट-इंधनामागे लागतो, ते निघतं बुलविंकलच्या आजीच्या केकच्या कृतीतून! केक करताना स्फोट होतो आणि स्टोव्ह थेट चंद्रावर. अवकाश शर्यतीची याहून जास्त थट्टा काय करायची?

पैसा सरकारचा? छे, कॉर्नफ्लेक्ससारखी न्याहारीची सीरियल विकणाऱ्या जनरल मिल्स कंपनीचा. तिलाही सोडलं नाही. दुसऱ्या कथेत जगाचं अर्थकारण म्हणे न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांच्या झाकणांवर चालतं, आणि बोरिस नकली झाकणं छापत सुटतो.

सरकारशी साटंलोटं म्हणाल, तर निर्माता जे वॉर्ड 1962 च्या ऑक्टोबरात ‘मूसिल्व्हेनिया’ या थट्टेतल्या प्रदेशाला राज्याचा दर्जा द्या म्हणून सह्यांचा अर्ज घेऊन, वाजतगाजत व्हाइट हाउसच्या फाटकाशी पोचला. नेमका क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच पेटलेला. पहारेकऱ्यांनी पिटाळून लावलं. वाहिनीशी तरी कुठे जमलं? बुलविंकलच्या बाहुल्याने पोरांना टीव्हीची बटणं उपटायला सांगितली, तेव्हा एनबीसीवाले खवळले.

शिवाय कार्यक्रमाचा मोठा भाग हेरांचा नव्हेच. तिथे पीबडी हा विद्वान कुत्रा शेरमन नावाच्या पोराला इतिहासात फिरवतो, परीकथांची मोडतोड होते, कॅनडाचा भाबडा घोडेस्वार पोलीस डडली धडपडतो.

आणि चित्रं? खर्च वाचवायला बरीचशी मेक्सिकोत काढून घेतलेली. घाईत बोरिसच्या मिशा मधेच गायब व्हायच्या, पुढच्या चित्रात परत उगवायच्या.