पाहुणी? छे! ('शोर्षे इलिश'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

प्रिय 'एक वाचक',

आपण नाव लिहिलेलं नाही, म्हणून हाच मायना.

आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा रागाने, एकदा चहा पीत आणि एकदा आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवत. हे म्हणाले, सोडून दे. सोडणारच होते. पण चार दिवस झाले, कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना मनातल्या मनात आपल्याशी भांडण चाललंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या महिन्यात मी 'पारंपरिक बंगाली शोर्षे इलिश' लिहिलं होतं, म्हणजे मोहरीच्या वाटणातला इलिश (हिल्सा) मासा. त्यावर अमेरिकेतल्या एडिसनहून या गृहस्थांनी लिहिलं (सासुरवाडी पश्चिम बंगालमधल्या वर्धमानची, हे प्रतिक्रियेत दोनदा आलंय) की शोर्षे इलिशमध्ये दही आणि नारळ कधीच पडत नाही. ४ चमचे काळी मोहरी घालून वर १५ मिनिटं शिजवलं तर कडूजहर होणार आणि तसंच झालं, ३० डॉलरचा मासा कचऱ्यात गेला. कलौंजीला मी कांद्याचं बी म्हटलंय ते वाचून हसू आलं. फोटोतला भात बासमती आहे. आणि शेवटी हे वाक्य: 'दोन-तीन वर्षं बंगाली स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून बसून आलेल्यांनी पारंपरिक हा शब्द जरा जपून वापरावा.'

आधी चूक कबूल करते, म्हणजे मला कुणी आडमुठी म्हणायला नको. कलौंजी म्हणजे कांद्याचं बी नव्हे. बंगालीत तिला कालो जीरे म्हणतात, काळं जिरं, पण ती जिरंही नव्हे, झाडच वेगळं. आमच्या वाण्याच्या बरणीवर 'कांदा बी' अशी चिठ्ठी डकवलेली आहे आणि माझ्या तोंडात तेच बसलंय. दुरुस्ती केली. आभार. (हसू आल्याचं कळवायची गरज होती का, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

भाताबद्दल मी बोलणार नाही. घरात बासमती होता, बासमती शिजवला.

आता 'पाहुणी'.

आम्ही ढाकुरियाला राहायला गेलो १९९६ साली, तेव्हा ते शहर कलकत्ता होतं. २००२ साली सामान बांधलं तेव्हा त्याचं कोलकाता होऊन वर्ष उलटलं होतं. 'दोन-तीन वर्षं' हा आकडा आपण कुठून काढलात? लेखात मी 'काही वर्षं' लिहिलंय. ती ६ वर्षं होती. वरच्या मजल्यावर आम्ही, खालच्या मजल्यावर घरमालकीण आणि मध्ये एक जिना, ज्याचं दार दिवसा कधी लागलेलं मला आठवत नाही. त्यांना मी माशीमा म्हणायचे. बंगालीत माशी म्हणजे मावशी. आपल्याकडच्यांनी भलतं काही समजू नये.

माझं माहेर अलिबागचं, आम्ही सीकेपी. त्यामुळे माशाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं तेव्हा मला वाटत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात हे गडियाहाटच्या बाजारातून दीड किलोचा इलिश घेऊन आले. मी खवले काढले, तुकड्या केल्या आणि आपल्या सवयीने नळाखाली धरून तीन पाण्यांनी स्वच्छ धुतल्या. माशीमा जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. मी पण बघितलं. त्या पाण्यावर तेलाचे बारीक बारीक डोळे तरंगत होते. "चव मोरीत गेली," त्या म्हणाल्या, "आता काटे खा." इलिश आधी धुवायचा, मग कापायचा, कापल्यावर त्याला पाणी दाखवायचं नाही. ही गोष्ट मी लेखात एका ओळीत लिहिली होती. ती शिकायला मला अख्खा मासा पडला होता, तेव्हा वाया गेलेल्या माशाचं दुःख मला सांगू नका.

पण ते सोडा. १९९९ च्या पावसाळ्यात माशीमा शेवाळलेल्या अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. त्यांच्या यजमानांना, मेशोमशायना, चहासुद्धा धड करता येत नव्हता. तो दीड महिना खालच्या मजल्यावरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी केला. माशीमा वेताच्या मोड्यावर बसून, हात गळ्यात अडकवून हुकूम सोडायच्या आणि मी खाली पाट्यापुढे. पाहुणीला पाट्यावर बसवतात का हो आपल्या सासुरवाडीला?

त्यातच आमचा श्रावण आला. त्यांचे ऐन इलिशचे दिवस आणि मी मासे खात नव्हते. सकाळी अंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा आणि खाली जाऊन इलिशसाठी मोहरी वाटायला बसायचं. सासूबाईंना पत्रात मी हे कधी लिहिलं नाही. बंगाली पाट्याला शिल म्हणतात आणि वरवंट्याला नोडा. मोहरी अर्धा तास भिजलेली. तिच्याबरोबर दोन हिरव्या मिरच्या आणि मीठ, हे आधीच, नंतर नाही. त्याने कडूपणा आवरतो. पाण्याचा शिपका. पहिले सात-आठ फेरे नुसता ओल्या मातीसारखा वास येतो. मग एकाएकी नाकाच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं होतं आणि डोळे भरून येतात. लोणच्याला मोहरी फेसताना येतं ना, तेच, पण दुप्पट. तिथे हात थांबला पाहिजे. आणखी चार फेरे मारले की संपलं. माशीमा डाव्या करंगळीने वाटण चाखून मान हलवायच्या, किंवा हलवायच्या नाहीत. नाही हलवली की ते वाटण बाजूला आणि पुन्हा नवी मोहरी. एका सकाळी असं तीनदा झालं. मी स्वतः एकदाही चाखलं नाही, श्रावण होता ना. वासावर शिकले. आता कुणी म्हणेल, न चाखता शिकली ती काय शिकली? म्हणो बापडा.

माशीमांचं घराणं पूर्व बंगालातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, बरिशालचं. १९५० साली, ८ वर्षांच्या असताना, बरिशालहून स्टीमरने खुलन्याला आणि तिथून रेल्वेने कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनला आल्या त्या परत कधी गेल्या नाहीत. बरिशाल म्हणजे नद्या, खाड्या, नारळी आणि सुपाऱ्या. त्यांचं वर्णन ऐकून अलिबागकराला घरच आठवावं. त्यांच्याकडे मोहरीच्या वाटणात नारळ आणि थोडं दही पडतंच, कारण नारळ परसात आहे आणि या दोघांनी मोहरीचा तोरा जरा उतरतो. खुद्द बंगालीत त्याला बरिशाली इलिश असं नाव आहे. आपली सासुरवाडी वर्धमानची, म्हणजे पोस्तोचा (खसखशीचा) मुलुख, सीताभोग-मिहिदाना या मिठायांचा मुलुख. उत्तम मुलुख. पण वर्धमानच्या कढईत नारळ पडत नाही म्हणून बरिशालच्याही पडत नाही, हे म्हणजे देशावरच्याने मालवणात जेवायला बसून 'कालवणात नारळ? कधीच नाही!' म्हणण्यासारखं झालं.

हा घोटी आणि बांगाल यांचा, पश्चिमेकडच्यांचा आणि पूर्वेकडच्यांचा तंटा माझ्यातुमच्या जन्माआधीपासूनचा आहे. घोटींचा मोहन बागान १८८९ चा फुटबॉल क्लब, बांगालांचा ईस्ट बेंगॉल १९२० चा. एक जिंकला की घरात कोळंबी, दुसरा जिंकला की इलिश. त्यात लोकांनी जन्म घालवले. आणि तुम्ही एडिसनमध्ये बसून, जावईपणाच्या जोरावर पंच होऊन शिट्टी फुंकता!

'मग शीर्षकात बरिशाली का नाही लिहिलं?' असं आपण म्हणाल. नाही लिहिलं. माशीमाही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने तोच शोर्षे इलिश होता, बाकीचे लोक चुकीचा करत होते. माझी आई भरल्या पापलेटाला 'सीकेपी पद्धतीचं' म्हणायची नाही, तसंच हे. आणि 'कधीच'वर एवढा भर द्यायचा असेल तर हिरवी मिरचीही काढून टाका कढईतून. ती पोर्तुगिजांबरोबर आलेली आहे. माझ्या पोस्टवर परंपरेची तपासणी करायची तर मग पूर्ण करा.

राहिला कडूपणा. हा मुद्दा खरं तर दोन ओळींचा आहे.

मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतली द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि तो तयार होतो. आच लागली की तो उडतो आणि मागे कडूपणा उरतो. म्हणून वाटण तेलात परतत नाहीत. तेल धुरावेपर्यंत तापवायचं, जरा निवू द्यायचं, कलौंजी आणि चिरलेल्या मिरच्यांची फोडणी करायची, हळद-मीठ लावलेल्या तुकड्या हलक्या हाताने सोडायच्या, मग पाण्यात सैल केलेलं वाटण घालायचं आणि फार उकळू द्यायचं नाही. उतरवताना वरून चमचाभर कच्चं तेल. हे सगळं मूळ लेखात आहे. त्याच लेखात '१५ मिनिटं' असंही आहे, हे खरं. पण ते मंद आचेवर, झाकण ठेवून, आणि माझी शेगडी म्हणजे तुमची शेगडी नव्हे. ४ चमचे म्हणजे चहाचे. ते लिहायचं राहिलं असेल, पण एवढ्याशा माशाला ४ डाव मोहरी कोण घालतं?

आणि मला एक सांगा, मोहरी वाटलीत कशात? मिक्सरमध्ये फिरवून फिरवून तापवली असणार. मीठ-मिरची वाटताना घातलीत की नंतर? मासा गोठवलेला, किती महिन्यांचा कुणास ठाऊक. तेल कुठलं? तिकडे मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं असतं, तेव्हा घाबरून ऑलिव्हचं तेल तर नाही ना ओतलंत? यातलं काही प्रतिक्रियेत नाही. 'करून पाहिलं' एवढंच आहे. कुणी केलं, तेही नाही. वहिनींनी केलं असतं तर त्या १५ मिनिटं थांबल्याच नसत्या, वासावरून आधीच आच बंद केली असती. त्यामुळे माझा संशय आपल्यावर आहे.

तरीसुद्धा, काल रात्री मूळ लेखात '१५' च्या जागी '७-८' केलं आहे आणि मोहरी अर्धी काळी, अर्धी पिवळी असं घातलं आहे. हे आपल्यामुळे नव्हे. परवा आमच्या सुनेने तिच्या नव्या शेगडीवर माझा लेख समोर ठेवून केलं. कडू मी म्हणणार नाही. उग्र झालं होतं. मुलाने भातावर दुसऱ्यांदा घेतलं नाही, एवढंच.

मासा वाया गेल्याचं मात्र वाईट वाटलं, मनापासून. पुढच्या खेपेला कढई काढूच नका. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तुकड्या, वाटण, मिरच्या, मीठ, हळद, तेल एकत्र कालवा आणि भात होत आला की तो डबा भाताच्या पातेल्यात अर्धा रुतवून वर झाकण ठेवा. भापा म्हणतात त्याला. भात मुरेपर्यंत मासा होतो. भात बासमती असला तरी होतो.

आणि एक विचारायचं होतं. वहिनींचं वर्धमान वडिलांकडून आलं असणार. त्यांच्या आईच्या आईचं गाव कुठलं? विचारून कळवा. नावासकट लिहिलंत तर बरं.