‘हेवी मोटर टाकून देतो, भाऊ!’

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना, माझ्या 2005 सालच्या छोट्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत ढकलणारा पंखा, चार नंबरवर, म्हणजे सर्वांत जास्त वेगावर ठेवूनही मागच्या सीटवर बसलेल्या आईपर्यंत वारा पोहोचत नव्हता, एवढीच माझी तक्रार होती. एसी थंड करत होता. जाळीला हात लावला की गारवा जाणवत होता, पण हवा मात्र दमेकऱ्याने फुंकर मारावी तशी येत होती. हे मी तीन दुकानांत स्पष्ट शब्दांत सांगितले आणि तिन्ही दुकानांत ते कोणीही ऐकून घेतले नाही.

पहिल्याने गॅस भरला. गॅस कमी असता तर हवा गरम आली असती, कमी आली नसती, हे त्याला मी सांगायचे होते काय? पण एसीच्या दुकानात पाऊल टाकल्यावर गॅस न भरता सुटका नाही, असा या धंद्याचा प्रघातच दिसतो. दुसऱ्याने ‘जुन्या गाडीत एवढंच असतं’ असे सांगून वाटेला लावले. तिसऱ्याने गाडीखाली, बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डखाली कुठेही न वाकता निदान केले: ‘हेवी मोटर टाकून देतो, भाऊ, पंखाच उडवून देईल!’

ही हेवी मोटर दुसऱ्याच कुठल्या मोठ्या गाडीची होती. तिचा प्लग बसेना म्हणून त्याने वायरी कापल्या, दातांनी सोलल्या, जुन्या वायरींना पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. चार नंबरवर पिठाच्या गिरणीसारखा आवाज येऊ लागला आणि जाळीसमोर धरलेला रुमाल पूर्वीपेक्षाही कमी हलू लागला. पिळताना वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता! या पिंजऱ्यासारख्या पंख्याची गंमत अशी की तो उलटा फिरला तरी हवा मागे ओढत नाही; ती पुढेच ढकलतो, फक्त फार थोडी. त्यामुळे ‘हवा तर येऊन राहिली ना, भाऊ’ हे त्याचे उत्तर शब्दशः खरे होते आणि म्हणूनच अधिक चीड आणणारे होते.

मी हट्टाने वायरी बदलायला लावल्या. पंखा सुलट फिरू लागताच मोटरवर पूर्ण भार आला आणि घरी पोहोचण्यापूर्वीच 20 अँपिअरचा फ्यूज उडाला. यावर त्या महाशयांनी काय करावे? 30 चा फ्यूज खोचून दिला. फ्यूज हा मोटरसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. वीस वर्षांची वायर तीच ठेवून फ्यूज मोठा करणे म्हणजे आगीची घंटा वाजू नये म्हणून ती काढूनच ठेवण्यासारखे आहे. आठवड्याच्या आत एक, दोन आणि तीन नंबर मेले, कारण हे वेग ज्या रेझिस्टरमधून, म्हणजे करंट अडवून वेग कमी करणाऱ्या भागातून, चालतात तो जास्त करंट सोसू शकला नाही. थेट वीज घेणारा चार नंबर तेवढा उरला. त्यानंतर एका दुपारी डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. वाकून पाहिले तर टेप वितळून डांबरासारखी पायपुसण्यावर ठिबकत होती.

शेवटी मीच व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट होते आणि मोटरच्या टोकांवर 11.2. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतल्या जुन्या वायरी, गंजलेले जोड आणि झिजलेला स्विच खात होते. 15 अँपिअरच्या करंटला ही वाया जाणारी उष्णता 40 वॅटच्या वर जाते. माझे सोल्डरिंग आयर्न, म्हणजे वायरी डाखायचे तापते हत्यार, 25 वॅटचे आहे. म्हणजे माझ्या डॅशबोर्डच्या आत एक सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवलेले होते, आणि मोटर जितकी हेवी तितके ते जास्त तापणार होते.

आणि खरे दुखणे तर तिथेही नव्हते. या गाडीला कंपनीने केबिन फिल्टरच दिलेला नाही, त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसते. कॉइल बाहेर काढली तेव्हा तिच्या तोंडावर धूळ, कडुनिंबाची पाने आणि कापसाचे तंतू यांची चक्क गोधडी विणलेली होती. ती मी बोटांनी सोलून काढली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! त्या गोधडीतून हवा पार करायला कोणती मोटर पुरणार होती? पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे पावणेदोनपट लागते, हे गणित सोडा, पण निदान खाली वाकून टॉर्च तरी मारायची होती.

कॉइल धुतली, मोठा करंट जुन्या स्विचमधून जाऊ नये म्हणून रिले लावून बॅटरीपासून जाड वायर ओढली, रेझिस्टर बदलला, फ्यूज पुन्हा 20 चा केला आणि माझी मूळ मोटर परत बसवावी म्हणून त्या दुकानात गेलो. ती त्याने आदल्याच दिवशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ‘एकदम कंडिशनमधली’ म्हणून बसवून दिली होती.