चष्मा कपाटात ठेवून नंबर जात नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा आला. ‘चष्म्याला कायमचा रामराम, फक्त २१ दिवसांत!’ खाली उपाय: चष्मा घालणं बंद करा, उगवत्या सूर्याकडे दहा मिनिटं टक लावून बघा, डोळ्यांत मध आणि कांद्याचा रस घाला, गाजराचा रस प्या, डोळ्यांचे व्यायाम करा, दवात भिजलेल्या गवतावर अनवाणी चाला. दोनदा मी वाचून सोडून दिलं. परवा भांडुपला दादाकडे गेले, तर नऊ वर्षांच्या भाच्याच्या नाकावर चष्माच नव्हता. वहिनीने तो कपाटात ठेवलाय. “सवय लागते हो ताई, मग नंबर वाढतच जातो.”

त्याचा नंबर मायनस अडीच आहे. म्हणजे साधारण हातभर अंतरापलीकडचं सगळं त्याला पुसट दिसतं. त्याला घेऊन दादरला निघाले, तर प्लॅटफॉर्मवर मलाच विचारतो, “आत्या, गाडीला किती मिनिटं दाखवतंय?” इंडिकेटर समोर होता. डोळ्याचा कोपरा बोटाने ओढून तो वाचायचा प्रयत्न करत होता. शाळेत फळा दिसत नाही म्हणून शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेतो. त्याने ३६ चे ८६ केले होते, याच्याही वहीत ८६, आणि वर बाईंचा लाल शेरा ‘लक्ष नाही’. मला फार वाईट वाटलं.

तर पहिला मुद्दा, चष्म्याने नंबर वाढतो. बहुतेक मुलांचा मायनस नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जातो म्हणून. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटरने जास्त लांबला की नंबर अडीच-तीनने वाढतो. मुलांना चष्मा लागतो तोच नेमका डोळा लांबत असण्याच्या वयात, म्हणून चष्म्यामागोमाग नंबर वाढताना दिसतो आणि खापर चष्म्यावर फुटतं. मलेशियात ९ ते १४ वर्षांच्या ९४ मुलांवर हेच तपासलं होतं. काहींना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, काहींना मुद्दाम पाऊण नंबर कमी. २००२ साली निष्कर्ष छापून आला: दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला, कमी नंबरवाल्यांचा १.०० ने. नंबर कमी ठेवून फायदा झाला नाही, उलट जास्त वाढला. वहिनी, कपाटातल्या चष्म्याने मुलाचा फळा तेवढा गेलाय.

सूर्याकडे बघण्याचा उपाय पाठवणाऱ्याचा मला खरोखर संताप येतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी त्या क्षणी काही जाणवत नाही, नंतर नजरेच्या मधोमध डाग दिसतो, आणि तो कधीकधी जन्माचा राहतो. लहान मुलाला दहा मिनिटं सूर्याकडे बघ म्हणून कसं सांगवतं? मध आणि कांद्याच्या रसाचंही तेच. कांद्याने बुबुळ चुरचुरतं, आणि स्वयंपाकघरातलं काहीही जंतुविरहित नसतं. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर नंबर राहील बाजूला.

गाजर खाऊ दे, चांगलंच आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. पण गाजराने लांबलेला डोळा आखूड होत नाही. व्यायामांचं खूळ न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स या डॉक्टरच्या १९२० च्या पुस्तकातून पसरलं. त्यानेही नंबर उतरत नाही.

राहिलं गवत. इथे थोडं मान्य करावं लागेल. गवताचा आणि दवाचा काही संबंध नाही, पण घराबाहेर पडण्याचा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांचा तीन वर्षं अभ्यास झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा जादा तास ठेवला. तिथे ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के. कारण बहुधा उजेड. ट्यूबलाइटच्या खोलीत काहीशे लक्स प्रकाश असतो, बाहेर पावसाळी ढगांतही हजारांत. पण हा फायदा मुख्यतः चष्मा लागायच्या आधीचा. म्हणून मला भाच्यापेक्षा त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीची जास्त घाई आहे. बिल्डिंगच्या आवारात गाड्या उभ्या, शाळेतून थेट क्लास, क्लासमधून मोबाइल. तिला ऊन कधी लागणार? भाच्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल विचारा. त्याने बऱ्याच मुलांचा नंबर वाढण्याचा वेग मंदावतो. पुस्तक फार जवळ धरत असेल तर टोका, मध्येमध्ये लांब बघायला लावा.

काल रात्री वहिनीचा फोन आला. दोघांचा संध्याकाळचा क्लास तासभर पुढे ढकलून घेतलाय, आधी खाली मैदानात पाठवणार आहे. चष्मा मात्र अजून कपाटातच आहे. आज शाळेच्या वेळेआधी मी परत फोन करणार आहे.